वॉरंटी रिकाम्या टाकीची: वॉटर सॉफ्टनरमध्ये गेलेले ४५,८०० रुपये

आधी आकडे सांगते. ॲडव्हान्स १०,०००. मशीन दारात आल्यावर २८,५००. प्लंबिंगचे २,८००. "आत्ताच घ्या, नंतर महाग पडेल" म्हणून गळ्यात मारलेल्या एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, ४,५००. एकूण ४५,८००. त्या बदल्यात घरात उभी आहे १०५४ मापाची, म्हणजे १० इंच रुंद आणि ५४ इंच उंच एफआरपी (फायबरग्लासची) टाकी, आणि तिच्या तळाशी १२ लिटर रेझिन, म्हणजे पाण्याचा जडपणा शोषून घेणारे बारीक मणी. तोंडी ३५ लिटर सांगितलं होतं. कागदावर "फुल कपॅसिटी" एवढेच दोन शब्द.

पुण्याजवळ वाघोलीकडे बोअर आणि टँकरवर राहणाऱ्यांना जड पाणी काय असतं ते सांगायला नको. तोट्यांवर पांढरा थर, गिझरची कॉइल सारखी जाणं, साबणाला फेस नाही. आणि अशा सोसायटीत "मोफत पाणी तपासणी" घेऊन कोण येतं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. दोन सळ्या पाण्यात घालून करंट द्यायचा आणि तपकिरी गाळ दाखवायचा. तो गाळ पाण्यातला नसतो, विरघळणाऱ्या लोखंडी सळईचा गंज असतो. हे मला माहीत होतं, आमच्याकडे आलेल्या विक्रेत्याला मी तिथेच थांबवलं. त्यामुळेच वाटलं की आपण सावध आहोत.

मग त्याने टीडीएस मीटर काढला. ७२० आकडा आला. "बघा ताई, केवढा हार्डनेस!" इथे मी गप्प राहिले. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) म्हणजे हार्डनेस (पाण्याचा जडपणा) नव्हे. मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती ते सांगत नाही. सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. कॅल्शियम घेतो आणि सोडियम सोडतो; रेझिन भरलं की ते मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करायचं, यालाच रिजनरेशन म्हणतात. "सॉफ्टनर लावल्यावर टीडीएस १०० वर येईल" असं कोणी म्हटलं की दार लावून घ्या. हार्डनेस ईडीटीए या रसायनाच्या चाचणीने मोजतात, लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब टाकत. नंतर लॅबमधून करून घेतली, ४८० मिलिग्रॅम प्रति लिटर निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आम्हाला सॉफ्टनर हवाच होता. गरज खरी होती म्हणून तर फसवणं सोपं गेलं.

आता तो क्षण, जो डोळ्यांपुढून जात नाही. फिटिंगला आलेल्या मुलाने ती टाकी एका खांद्यावर घेतली आणि तीन जिने न थांबता चढला. वर येऊन एका हाताने भिंतीला टेकवली. ओलं रेझिन लिटरला साधारण ८०० ग्रॅम भरतं. ३५ लिटर म्हणजे २८ किलो, शिवाय तळातली खडी आणि टाकीचं स्वतःचं वजन. असली टाकी कोणी एकटा अशी नाचवत आणत नाही. मी दारात उभी राहून पाहत होते. "रेझिन?" विचारलं तर "फॅक्टरीतूनच भरून येतं." टाकीवर चकचकीत जॅकेट चढवलेलं, त्यामुळे आत काही दिसायची सोय नाही. साधी पांढरट एफआरपी टाकी असेल तर अंधारात मागून टॉर्च धरा, रेझिनची पातळी सावलीसारखी दिसते. जॅकेट घ्यायचं असेल तर ते आपल्यासमोर, भरून झाल्यावर चढवायला लावा. त्याहून चांगलं म्हणजे रेझिनच्या सीलबंद पिशव्या समोर फोडून टाकीत ओतायला लावा आणि लिटर मोजा.

हिशोब प्रत्येकाला येतो, फक्त कोणी सांगत नाही. नीट मीठ दिलं तर एक लिटर रेझिन सुमारे ५० ग्रॅम हार्डनेस धरतं. ३५ लिटरला १,७५० ग्रॅम. भागिले आमच्या पाण्यातला हार्डनेस, लिटरला ०.४८ ग्रॅम. म्हणजे साधारण ३,६०० लिटर पाणी. चौघांचं घर, माणशी १३५ लिटर, दिवसाला ५४०. झाले पावणेसात दिवस. त्याने रिजनरेशनचा टायमर सात दिवसांवर लावला होता, म्हणजे ३५ लिटरचा हिशोब त्याला पक्का ठाऊक होता! १२ लिटर रेझिन १,२५० लिटरला संपतं. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच जड पाणी. तक्रार केल्यावर फोनवर सल्ला मिळाला, "टायमर दोन दिवसांवर करा." केला. दर वेळी लिटर रेझिनमागे १२० ग्रॅम मीठ धरलं तरी महिन्याला २० किलोच्या वर मीठ, आणि प्रत्येक वेळी बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून सफाई) आणि धुण्यात शंभरेक लिटर पाणी गटारात. टँकरचं पाणी!

दाबाबद्दलही तोंड मिटून होता. बहुतेक ऑटोमॅटिक व्हॉल्व्हना मिठाचं पाणी ओढायला दीड-दोन बार दाब लागतो. दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार मिळतो. गच्चीवरची टाकी आणि वरचा मजला असेल तर पंपाशिवाय मीठ ओढलंच जात नाही, टाकीत पाणी तसंच राहतं. आणि सोसायटी रात्री पाणी बंद करत असेल तर रात्री दोनचं रिजनरेशन कोरडंच जातं.

"दहा वर्षं वॉरंटी" टाकीवर होती. टाकी बिघडत नाही हो! व्हॉल्व्हवर एक वर्ष, रेझिन "कन्झ्युमेबल" म्हणून शून्य. बारीक अक्षरात. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी लिहून घ्या: व्हॉल्व्ह, मोटर, रेझिन, टाकी. पाण्यात लोह किंवा क्लोरिन जास्त असेल तर रेझिन लवकर खराब होतं आणि तेच कारण पुढे करून हात झटकतात. म्हणून लॅबचा रिपोर्ट कोटेशनला जोडूनच सही घ्या. नंतर मी दोन दुकानांतून लेखी दर घेतले: ३५ लिटर रेझिन, हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह २२,५००, वापर मोजणारा ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह ४१,०००. तुलना करायची तर लिटर रेझिनमागे किती रुपये हे बघा. वापर मोजणारा व्हॉल्व्ह टायमरपेक्षा मीठ वाचवतो. आणि पाइपवर चुंबक किंवा वायर गुंडाळून "बिनमिठाचा सॉफ्टनर" विकणाऱ्याला त्या पाण्याची ईडीटीए चाचणी करून दाखवायला सांगा, आकडा होता तिथेच राहतो.

स्वयंपाकघराचा नळ बायपास ठेवा, म्हणजे सॉफ्टनरला न जोडता. १०० हार्डनेस काढला की लिटरला ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं; आमच्या पाण्यात ते २२० होतं. घरात बीपीचा पेशंट आहे हे त्याला सांगितलं होतं, तरी लाइन सगळ्या नळांना जोडून गेला.

शेवटी व्हॉल्व्ह उघडून पाइपने रेझिन बादलीत काढलं, लिटरच्या मापाने मोजलं. बाराच. कंपनीचं उत्तर: "सील तोडलं, वॉरंटी संपली." तुम्ही उघडाल तर आधी लेखी कळवा, शेजारी दोन साक्षीदार आणि न थांबवता केलेला व्हिडिओ हवा. माझ्याकडे फक्त फोटो आहेत.

चौकीत गेले. "मशीन दिलंय ना? मग हा दिवाणी मामला." अर्ज घेतला, पोच द्यायला तीन खेपा. तक्रार कक्षात ऑनलाइन नोंदवलं. कंपनीचं तेच एका ओळीचं उत्तर चिकटवून "निकाली" केलं, मला एक फोनही नाही. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवले. पैसे कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या खात्यात गेले होते, हे तिघांनाही दाखवलं. कोणी त्या ओळीकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रत्येकाने दुसऱ्याचं दार दाखवलं आणि दर खेपेला अर्धी रजा माझी गेली. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं. दोन मिनिटांचं काम, ॲडव्हान्स देण्याआधी करायचं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. नोटीस पाठवली आहे. पाकीट "पत्त्यावर आढळत नाही" शेऱ्यासह परत आलं, ते न फोडता लॅब रिपोर्ट आणि यूपीआयच्या पावत्यांबरोबर फाइलला लावलंय.