दहा चाकी टिपरवरचा ‘हायवा’ जॅक: ताकद भरपूर, हौदा मात्र फसवा

खडीच्या क्रशरवर टिपरला बहुतेक जण ‘हायवा’च म्हणतात. हे नाव गाडीचं नाही, हौदा उचलणारा जॅक बनवणाऱ्या डच कंपनीचं आहे. गाडी टाटाची असो वा भारतबेंझची, 28 टनी दहा चाकीवर केबिनमागे उभा राहणारा टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा) जॅकच घ्यावा.

हौदा मागच्या हिंज पिनवर (बिजागरीवर) फिरतो आणि जॅक पुढच्या टोकाला असतो, त्यामुळे तरफ लांब मिळते. 17 टन माल आणि 3 टनांचा हौदा धरा. माल सारखा पसरलेला असेल तर सुरुवातीला जॅकवर साधारण 10 टनच येतात. जोर तेव्हाच सर्वांत जास्त लागतो, म्हणून जाड नळी आधी बाहेर पडते. पुढे भार हलका होत जातो, तो बारीक नळ्या पेलतात. खालून उचलणारा जॅक हिंजच्या जवळ असल्याने त्याला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो.

चालवायला सोपा आहे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, फाळक्याचे हूक मोकळे, क्लच दाबून पीटीओ (इंजिनाची ताकद जॅकच्या तेलपंपाला देणारा जोड), मग लिव्हर. पूर्ण उंचीवर लिमिट व्हॉल्व्ह तेल टाकीकडे वळवतो. उतरताना पंप लागत नाही, हौदा स्वतःच्या वजनाने बसतो. पीटीओ तसाच ठेवून गाडी पळवली तर पंप जळतो, आणि हौदा वर येऊन विजेच्या तारेला लागण्याचा धोका राहतो.

खरी तक्रार हौद्याच्या मापाची. 16 घनमीटरचा हौदा म्हणजे साडेपाच ब्रासहून जास्त (ब्रास म्हणजे 100 घनफूट). खडीचा ब्रास सव्वाचार टन धरला तर काठोकाठ 24 टन होतात, आणि कायद्याने गाडीला झेपतात जेमतेम 16-17. म्हणजे चार ब्रासवर थांबायला हवं. पण रिकामी जागा दिसली की लोडरवाला आणखी एक बकेट टाकतोच. खडी-मुरमाला लहान हौदा घ्या. सोळाचा हौदा कोळशासाठी ठीक, तो हलका असतो.

ओल्या मुरमाला फार जपावं लागतं. मागचा माल घसरतो, पुढच्या भिंतीला चिकटलेला ढीग मात्र उंचावर तसाच राहतो. अशा वेळी एका बाजूचं चाक चार इंच जरी रुतलं तरी गाडी कलंडू शकते. तो ढीग पाडायला गाडी झटके देत पुढे-मागे घेतली की जॅकच्या पिना आणि नळ्या वाकतात. हौदा खाली घ्या, फावड्याने खरवडा, मग पुन्हा उचला.

जॅकचं तेल हौदा खाली असताना तपासा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. फेस आला तर पंप सक्शन पाइपातून हवा ओढतोय, मग हौदा हिसके देत चढतो. अर्ध्यावर अडला तर आधी तेलाची पातळी बघा. वर थांबवलेला हौदा आपोआप उतरू लागला तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये असतो. रिकामा हौदा सेफ्टी प्रॉपवर (आधाराच्या टेकूवर) टेकवल्याशिवाय त्याखाली कुणालाही जाऊ देऊ नका, ग्रीस मारायलासुद्धा नाही.