खाली किराणा, वर कपडे, आणि कॉलेजची पोरं मात्र झुडिओत : आमच्या भागातल्या डिस्काउंट स्टोअरचा रिव्ह्यू

आमच्या नाशिकमधल्या एका मोठ्या डिस्काउंट स्टोअरबद्दल लिहितेय, नाव मुद्दाम टाकत नाही कारण जे म्हणायचंय ते अशा बऱ्याच दुकानांना लागू होईल. तळमजल्यावर किराणा, तेल, साबण. वरच्या मजल्यावर भांडी, प्लास्टिकचे डबे, चादरी आणि त्यांच्या मागे कपडे. किराण्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, डोळे झाकून जावं. लहान मुलांच्या कपड्यांना चार, घरातल्या मोठ्यांच्या कपड्यांना साडेतीन. आणि 13 ते 19 वयातल्या पोरापोरींसाठी दोन, तेही कापड खरंच चांगलं आहे म्हणून.

हा रिव्ह्यू त्या दोन मार्कांबद्दलच आहे. माझी भाची अकरावीला, भाचा आठवीत, दोघंही माझ्याबरोबर तिथे येतात, ट्रॉलीत फेसवॉश आणि चिप्स आनंदाने टाकतात आणि वर कपडे बघू या म्हटलं की "मावशी नको ना" सुरू होतं. आधी मला वाटायचं ब्रँडचं वेड असेल. पण नाही, हीच पोरं 299 चा टी-शर्ट झुडिओ या स्वस्त कपड्यांच्या दुकानातून घेतात आणि ग्रुपवर फोटो टाकतात, म्हणजे स्वस्ताची त्यांना लाज नाहीये, मग आमच्या या दुकानात नेमकं काय बिनसतंय ते मी नीट बघायला लागले.

पहिला आणि सगळ्यात मोठा प्रॉब्लेम साइजचा. मुलांचा सेक्शन 13-14 वर्षांच्या लेबलला संपतो आणि पुरुषांचा सेक्शन एस पासून सुरू होतो, म्हणजे छाती 38. आता आठवी-नववीतला उंच आणि बारीक मुलगा यात कुठेच बसत नाही. मुलांच्या सेक्शनमध्ये त्याला लांबी मिळते तर छातीवर कार्टून असतं, पुरुषांच्या सेक्शनमध्ये रंग बरा मिळतो तर खांदे लोंबतात. मुलींचं तर अजून अवघड, बारीक कमरेची जीन्स घेतली की उंची कमी पडते आणि बाकी सगळे टॉप आईच्या वयाचे. एक्सएस साइज आणि 26, 28 कमरेच्या जीन्स, एवढं जरी भरपूर ठेवलं तरी अर्धं काम होईल असं माझं स्पष्ट मत आहे, बाकी लाइटिंग-म्युझिक सगळं नंतर.

दुसरं, कपडे ठेवलेत कुठे. कॉलेजवाल्या मुलीला टॉप बघायचा तर आधी कुकर, मग मॉप, मग पायपुसणी, मग शाळेचे सॉक्स असं करत जावं लागतं, आणि तो टॉप हँगरवर नसून प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ढिगात ठेवलेला असतो. कापड हाताला लागत नाही, गळा दिसत नाही, पिशवी उघडली की स्टाफमधल्या ताई रागावतात. त्या ताईंचीही चूक नाही, दिवसभर घड्या त्यांनाच घालायच्या असतात. पण या वयात कपडा अंगाला लावून आरशात बघितल्याशिवाय कोणी घेत नाही. आणि मुलींचे इनरवेअर अगदी मेन रस्त्यात, शेजारी पुरुषांचे बनियन, समोर बिल काउंटरची लाइन. तेरा-चौदा वर्षांची मुलगी तिथे उभी राहून साइज बघेल का हो? एक आडोशाचा कोपरा आणि तिथे एक बाई स्टाफ, यात खर्च काहीच नाही, पण ज्या मुलीला तिथे अवघडायला झालं नाही ती पुढची कित्येक वर्षं तिथेच येईल.

ट्रायल रूमबद्दल तर मला फार तळमळीने सांगायचंय. अख्ख्या मजल्याला दोनच, आणि रविवारी गर्दी आहे म्हणून बंद. रविवारीच तर पोरं येतात! आतला आरसा कमरेपर्यंत, म्हणजे बॅगी जीन्स खाली शूजवर कशी पडते ते कळतच नाही, आणि बाहेर बोर्ड, फोटो काढण्यास मनाई. अहो मॅनेजर साहेब, या पोरांचं घेऊ की नको ते फोटो पाठवल्यावरच ठरतं. आरशातला फोटो मैत्रिणींच्या ग्रुपवर जातो, "भारी दिसतंय घे" असं येतं आणि बिल होतं. आत ट्रायल रूममध्ये प्रायव्हसी हवीच, तिथे बोर्ड ठेवा, पण बाहेर मोकळ्या जागेत एक पूर्ण उंचीचा आरसा आणि वर चांगला लाइट लावा आणि काढू द्या फोटो. झुडिओच्या खरेदीचे जे व्हिडिओ मुली स्वतः बनवून टाकतात त्याचे पैसे कुणी त्यांना देत नाही, आवडलं म्हणून टाकतात.

झुडिओचं नाव सारखं येतंय तर त्यांचं गणित जरा सांगते, कारण शिकण्यासारखं आहे. टाटांच्या ट्रेंट कंपनीचं हे दुकान, वेस्टसाइडही त्यांचंच. झुडिओ 2016 ला सुरू झालं आणि मार्च 2025 पर्यंत त्यांची 765 दुकानं झाली होती, त्यातली दोन दुबईकडे. सगळा माल स्वतःच्या लेबलचा, मधे दुसऱ्या ब्रँडचा नफा नाही. किमती ठळक, बहुतेक सगळं 999 च्या आत. ऑनलाइन विकतच नाहीत, त्यामुळे बघायला दुकानातच जावं लागतं, आणि माल भराभर बदलतो, आज दिसला तो शर्ट पुढच्या महिन्यात असेलच असं नाही, मग पोरं कॉलेज सुटल्यावर सहज चक्कर टाकतात. रिलायन्सनीही ऑगस्ट 2023 ला हैदराबादला यूस्टा काढलं, तिथेही सगळं 999 च्या आत आणि बराच माल 499 च्या आत. म्हणजे दोन्ही मोठ्या घरांना कळलंय की पोरांच्या खिशातून निघणारी नोट कितीची असते.

आता आमच्या दुकानाकडे काय आहे ते बघा. भाव तर यांचे झुडिओहूनही कमी आहेत! साधा कॉटन टी-शर्ट 199 ला मिळतो आणि माझ्या घरी तो दोन वर्षं धुऊन धुऊन टिकलाय. पोरांना आज हवा असतो जाड कापडाचा, ढगळ, खांदा खाली उतरलेला टी-शर्ट, साधारण 220-240 जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, जितकं जास्त तितकं कापड जाड), आणि यांच्याकडे असतो 160-180 चा अंगाबरोबर बसणारा, वर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. तेच सुती कापड जरा जाड घ्या, प्रिंट काढून टाका, काळा, पांढरा, ब्राऊन, ऑलिव्ह असे चार रंग ठेवा, 299 लावा, जाईल. त्यात प्रिंटचा खर्चही वाचतो. किराण्यात नफा किती कमी असतो ते सगळ्यांना माहितीय, कपड्यात तो जास्त सुटतो, म्हणून तर ही दुकानं कपडे ठेवतात, मग जो गिऱ्हाईक दर दोन-तीन महिन्यांनी कपडे घेणार आहे त्यालाच वाऱ्यावर का सोडायचं?

बिग बझारवाल्यांना हे खूप आधी कळलं होतं. त्यांनी कपड्यांना एफबीबी असं वेगळं नाव दिलं, कुठे कुठे तर दुकानच वेगळं काढलं. ती कंपनी पुढे कर्जात बुडाली ती गोष्ट वेगळी, पण ही कल्पना चुकीची नव्हती. आमच्या दुकानाला नवीन बिल्डिंग नको, फक्त कपड्यांना वेगळं बिल काउंटर आणि वेगळी पिशवी द्या. एका टी-शर्टसाठी पोरांना महिन्याचा किराणा भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे अर्धा तास उभं राहावं लागतं, तेवढ्या वेळात त्यांचा विचार बदलतो. 

वागणुकीबद्दलही लिहायलाच हवं. पाच-सहा पोरं कॉलेजच्या सॅक घेऊन आली की गार्डची नजर बदलते, मागे मागे फिरतात, "घ्यायचंय का नुसतं बघायचंय" असं विचारतात. अरे पोरं ग्रुपनीच येणार, त्यातला एकच घेणार, बाकीचे बघून ठेवणार आणि पॉकेटमनी आला की परत येणार, असंच असतं त्यांचं. मेन रोडवरचे, शालिमारचे जुने कापडवाले घेतलं नाही तरी चार तागे उलगडून दाखवायचे, आणि म्हणूनच आमच्या आया लग्नाचा बस्ता बांधायला तिथेच जायच्या. सॅक ठेवायला लॉकर आणि टोकन द्या, आणि मग त्यांना मोकळं फिरू द्या.

अजून एक, मालाचं वेळापत्रक. दुकानाचं कॅलेंडर दिवाळी, लग्नसराई, जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म असं चालतं. पोरांचं वेगळं असतं. अकरावीची अॅडमिशन झाली की पहिल्यांदा युनिफॉर्म सुटतो आणि रोज घालायला कपडे लागतात, हा सगळ्यात मोठा खरेदीचा काळ आणि तेव्हा यांच्या रॅकवर रेनकोट. मग नवरात्रात गरब्यासाठी कमी पैशातले कुर्ते आणि दुपट्टे. डिसेंबर-जानेवारीत कॉलेजचे डेज, ट्रॅडिशनल डे, ब्लॅक डे, ग्रुपमध्ये सगळ्यांना एकाच रंगाचा शर्ट हवा असतो, तेव्हा एका रंगाचे सगळे साइज असले तर एका वेळी दहा शर्ट जातात. नंतर दहावी-बारावीचे निरोप समारंभ. आणि आमच्याकडे थंडी चांगली पडते, निफाडचा पारा तर दरवर्षी पेपरात येतो, पण दुकानात स्वेटर मिळतो आजोबांचा. हुडी हवी, झिपवाली, साध्या रंगाची. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 पर्यंतच्या कपड्यांना 5 टक्केच जीएसटी आहे, आधी हजाराच्या वर 12 होता, मग बाराशे-पंधराशेचं बरं जॅकेट ठेवायलाही आता जागा आहे.

एक्स्चेंज मात्र यांचं उत्तम आहे, बिल दाखवा, टॅग असू द्या, कुरकुर न करता बदलून देतात, याचे पूर्ण मार्क. फक्त हे कुठे लिहिलेलंच नाहीये, मला काउंटरवर विचारल्यावर कळलं. स्वतःच्या पैशाने घेणाऱ्या पोराला घरी बोलणी बसायची भीती असते, त्यामुळे बदलून मिळेल हे त्याला घेण्याआधी कळायला हवं, तेव्हा हा बोर्ड ट्रायल रूमच्या दारावर मोठ्या अक्षरात मराठीत लावा, आणि शक्य असेल तर या जूनच्या आधी लावा, माझी भाची तेव्हा बारावीत जाईल आणि तिच्या मागून अकरावीला येणारी अख्खी बॅच खरेदीला निघालेली असेल.