गार्मिन व्हेरिया आरटीएल ५१५ : सरळ महामार्गावर भरवशाचा, चौकात अपुरा

मागून येणारी गाडी रडारने हेरून सायकलस्वाराला आधीच सावध करणारा हा टेललाइट २०२० मध्ये बाजारात आला. त्याची बहुतेक परीक्षणे बॅटरी, ॲप आणि दिव्याच्या उजेडावर संपतात. महामार्गाने सायकल चालवणाऱ्याला मात्र वेगळाच प्रश्न पडायला हवा. महामार्गाला दुसरा रस्ता जिथे छेदतो, येऊन मिळतो किंवा जिथून फाटा फुटतो, त्या जागी हे यंत्र किती उपयोगी पडते? सरळ पट्ट्यात मुख्य काळजी पाठीमागची असते, चौकात ती चारही बाजूंनी असते. उत्तर आधीच सांगून ठेवतो. फाट्याला पोहोचण्याआधीच्या दोनशे मीटरमध्ये हे यंत्र फार मोलाचे आहे. खुद्द चौकात त्याच्या भरवशावर एकही निर्णय घेऊ नये.

असे का, ते कळायला त्याचे काम कसे चालते हे पाहावे लागते. ७१ ग्रॅमचा हा दिवा सीटपोस्टवर (सीटखालच्या दांडीवर) बसतो आणि मागच्या दिशेने रेडिओ लहरी सोडतो. गाडीवर आपटून परतलेल्या लहरींच्या वारंवारतेत जो फरक पडतो, त्यावरून गाडी किती वेगाने जवळ येते आहे हे त्याला कळते. पल्ला कमाल १४० मीटर, नजरेचा पंखा सुमारे ४० अंशांचा, म्हणजे शेपटीच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस अंश. हँडलवरच्या सायकल संगणकावर किंवा फोनवर कडेच्या पट्टीत गाड्या ठिपक्यांसारख्या वर सरकताना दिसतात. मागे काही नसेल तर पट्टीचा रंग हिरवा, गाडी येत असेल तर पिवळसर, फार वेगाने येत असेल तर लाल. गार्मिनच्या संगणकावर एका वेळी आठ गाड्यांपर्यंत दिसतात.

यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची : रडार तुमच्या आणि गाडीच्या वेगातला फरक मोजते. मागची गाडी तुमच्याच वेगाने चालू लागली की ती पट्टीवरून नाहीशी होते, आणि सिग्नलला तुमच्या पाठीशी येऊन थांबलेला ट्रेलरही नाहीसा होतो. पट्टी हिरवी होते आणि मागे अठरा चाकांचा ट्रेलर उभा असतो. हा बिघाड नव्हे, यंत्र असेच चालते. पण ज्याला हे ठाऊक नाही, त्याला तो हिरवा रंग फसवू शकतो.

आता वेळेचा हिशोब. तुम्ही ताशी २० किलोमीटरने चालला आहात आणि मागून गाडी १०० ने येते आहे. वेगातला फरक ८०, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पूर्ण १४० मीटरवर ती टिपली गेली, तरी तुमच्या हाती सहा सेकंदांहून थोडा जास्त वेळ असतो. गाडी ८० ने येत असेल तर साधारण आठ सेकंद. सरळ रस्त्यावर हे पुष्कळ आहे. खड्डा चुकवायला बाहेर जायचे की नाही, ओव्हरटेक आत्ता करायचा की थांबायचे, हे तेवढ्या वेळात नीट ठरते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा आवाज कानाला उशिरा लागतो, समोरून वारा असेल तर ट्रकचाही लागत नाही. तिथे रडार कानांपेक्षा नक्कीच सरस.

या सहा सेकंदांची खरी परीक्षा होते ती महामार्गावरून बाहेर पडणाऱ्या रॅम्पच्या (जोडरस्त्याच्या) तोंडाशी. वाहतूक डावीकडून चालते असे धरू. (उजवीकडून चालत असेल तर डावे-उजवे उलट करून वाचावे.) तुम्ही डाव्या कडेने सरळ जाणार आहात. बाहेर पडणारी गाडी मागून उजवीकडून येते आणि तुमच्या पुढ्यातून तिरकी डावीकडे उतरते. रॅम्पचे तोंड हळूहळू रुंदावत गेलेले असते. कडेची रेघ सोडून सरळ पुढे जायचे म्हटले, तर त्या उघड्या भागात शंभर मीटर सहज काढावे लागतात. ताशी २० ने शंभर मीटर म्हणजे १८ सेकंद. रडारचा हिरवा रंग फार तर पुढच्या सहा सेकंदांची हमी देतो, अठरांची नाही. म्हणून ‘पट्टी हिरवी आहे, निघा’ ही पद्धत इथे चुकीची आहे, आणि यंत्राचा सर्वांत धोकादायक गैरवापर बहुधा हाच.

योग्य पद्धत अशी. रॅम्पची पाटी दिसली की, म्हणजे साधारण दोनशे मीटर आधीपासून, पट्टीकडे लक्ष ठेवा. गाड्या एकट्या येताहेत की रांगेने, मधे किती अंतर पडते, याचा अंदाज इथेच बांधायचा. या कामात रडारला तोड नाही. मान मागे वळवली की हँडल कलते आणि पुढचा रस्ता नजरेतून सुटतो. रडारमुळे ते दहा वेळा करावे लागत नाही. तोंडाशी आल्यावर सरळ न घुसता रॅम्पच्या डाव्या कडेने वीस-तीस मीटर आत जा, जिथे उभे राहायला जागा आणि उजवीकडचे नीट दिसेल असे ठिकाण असेल तिथे थांबा, सायकल काटकोनात वळवा आणि रॅम्पची एकच लेन सरळ ओलांडून पलीकडे महामार्गाची कड पुन्हा धरा. लेन साडेतीन मीटरची, सायकल पावणेदोन-दोन मीटरची. जागेवरून निघून एवढे अंतर काटायला साधारण चार सेकंद लागतात. अठरा सेकंद उघड्यावर राहण्याऐवजी चार. निघण्याआधी गिअर हलका करून ठेवा. जड गिअरवर पहिले पेडल अडते आणि तिथेच दोन सेकंद जातात.

आणि इथेच रडारची मर्यादा उघड होते. सायकल काटकोनात वळली की रडारही वळते. आता ते रस्त्याकडेच्या झुडपांकडे पाहते आहे आणि गाड्या तुमच्या उजव्या हाताला आहेत. पट्टी हिरवीच राहील. या क्षणी तिच्याकडे पाहूच नये, थेट उजवीकडे डोळ्यांनी पाहावे. शेपूट जिकडे, तिकडेच रडारची नजर. एवढे एक वाक्य डोक्यात ठेवले तर चौकात ते कुठे चालेल आणि कुठे नाही हे प्रत्येक वेळी आपसूक कळते.

महामार्गाला येऊन मिळणाऱ्या रॅम्पवर तर ही नजर आणखी तोकडी पडते. रॅम्पवरची गाडी डावीकडून मागून, वळणावरून वेग वाढवत येते. वीस अंशांच्या आत ती शिरते ती शेवटच्या टप्प्यात, म्हणजे इशारा मिळतो तेव्हा शे-सव्वाशे मीटर आधीच संपलेले असतात. त्या चालकाची नजरही बहुतेक वेळा उजव्या आरशात, मुख्य रस्त्यावरच्या ट्रककडे असते. तिथे आधी डाव्या खांद्यावरून मागे पाहायचे, पट्टी नंतर. उड्डाणपुलाच्या उतारानंतर लगेच फाटा असेल तिथेही सावध राहावे. रडारला पुलाच्या माथ्यापलीकडचे दिसत नाही, त्यामुळे १४० मीटरचा पल्ला निम्म्यावरही येऊ शकतो.

दुभाजकातल्या उघड्या जागेतून, सिग्नल नसलेल्या चौकात महामार्ग ओलांडायचा असेल तर रडार पूर्ण बाजूला ठेवा. दोन लेनचा एक भाग सात मीटरचा. तो आणि सायकलची लांबी मिळून जवळपास नऊ मीटर, जागेवरून निघून पाच सेकंद. निर्णयाचा एक सेकंद धरा, सहा झाले. ताशी ८० ची गाडी सहा सेकंदांत १३३ मीटर येते, १०० ची १६७ मीटर. म्हणजे डोळ्यांना किमान एवढे अंतर मोकळे दिसायला हवे. झाडी, फलक किंवा उभा ट्रक यामुळे तेवढे दिसत नसेल, तर शंभर पावले पायी जाऊन दुसरी जागा शोधणे हाच शहाणपणा. सामान लादलेल्या सायकलला आणखी दोन सेकंद धरावेत. दोन टप्प्यांत ओलांडताना मध्ये दुभाजकाची रुंदी दोन मीटरपेक्षा कमी असेल, तर सायकलचे पुढचे किंवा मागचे चाक लेनमध्ये उघडे राहते. तिथे सायकल तिरकी उभी करावी, नाहीतर तो चौक एका दमात ओलांडण्याइतके अंतर मोकळे मिळेपर्यंत थांबावे.

अशा चौकात मोकळ्या माळावरही, भर दिवसा टक्कर होते. त्याचे एक कारण भूमितीचे आहे. दोन वाहने आपापला वेग न बदलता एकाच बिंदूला एकाच वेळी पोहोचतील अशी जात असतील, तर एकाला दुसरे काचेतल्या एकाच जागी स्थिर दिसत राहते, फक्त हळूहळू मोठे होते. हलणारी गोष्ट डोळा चटकन पकडतो, स्थिर गोष्ट नाही. त्यात ती जागा मोटारीच्या पुढच्या काचेलगतच्या खांबाआड आली, तर सायकलस्वार अखेरच्या क्षणापर्यंत झाकलेला राहू शकतो. मागे बसवलेले कुठलेही यंत्र यावर काही करू शकत नाही. उपाय स्वाराच्या हाती आहे : चौकाच्या पन्नास मीटर आधी वेग बदलायचा, थोडा कमी किंवा थोडा जास्त. त्यामुळे चालकाच्या काचेतली तुमची जागा सरकते. पुढे लुकलुकणारा (उघडझाप करणारा) दिवा दिवसाही चालू ठेवावा.

सिग्नलच्या चौकात धोका डावीकडे वळणाऱ्या ट्रकचा. वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, आतल्या बाजूने कापत जातात. शेजारी उभ्या सायकलस्वाराची जागा तीच खाते. थांबलेला ट्रक रडारवर दिसत नाही, शेजारचा तर कधीच नाही. ट्रकच्या बरोबरीने कधीही थांबू नये. एक तर चालक तुम्हाला काचेतून पाहू शकेल इतके, तीन-चार मीटर, पुढे राहावे, नाहीतर सरळ त्याच्या मागे.

मोठ्या गोल चौकात सायकल सतत वळत असते, त्यामुळे मागची गाडी पंख्याच्या आत-बाहेर होत राहते. तिथे पट्टीवर जे दिसते त्याला अर्थ नाही.

दिव्याबद्दल थोडे. दिवसा लुकलुकताना ६५ ल्युमेन (उजेडाचे माप), रात्री लुकलुकताना २९, स्थिर २०, आणि गटात चालताना मागच्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून ८. कंपनी २२० अंशांतून दिसण्याचा दावा करते, पण बाजूने येणाऱ्या चालकाला मिळतो तो कडेचा फिका उजेड. रिफ्लेक्टरचाही आडव्या रस्त्यावर भरवसा नाही, कारण समोरच्याचे हेडलाइट तुमच्यावर पडतात तोवर तुम्ही त्याच्या पुढ्यात असता. रात्री चौक ओलांडायचे असतील तर स्पोकवर किंवा फ्रेमवर स्वतः उजळणारे बाजूचे दिवे वेगळे घ्यावेत. घोट्यांवर चमकदार पट्ट्याही बांधाव्यात. वरखाली होणारे पाय पाहून माणूस सायकल चालवतो आहे हे चालकाला पटकन ओळखू येते.

बसवताना होणाऱ्या चुकांमुळे पल्ला सर्वांत जास्त घटतो. जमिनीपासून उंची २५ ते १२० सेंटिमीटरच्या दरम्यान हवी आणि दिवा रस्त्याला काटकोनात उभा, म्हणजे तोंड सरळ मागे. सीटपोस्ट तिरकी असते, म्हणून सोबत मिळणारी योग्य आकाराची पाचर लावून फोनच्या लेव्हलने तपासा. दिवा जमिनीकडे झुकला तर दूरची गाडी उशिरा सापडते. सीटखालची पिशवी, लोंबणारे जॅकेट, कॅरियरवरची गाठोडी आड येऊ देऊ नका. दिवा बांधणारी रबरी पट्टी सैल असेल तर चौकाआधीच्या रंबल स्ट्रिपवर (वेग कमी करायला लावणाऱ्या उंचवट्यांच्या पट्ट्यांवर) ती हळूच फिरते आणि रडार तिरके पाहू लागते, म्हणून निघताना एकदा हाताने पिळून पाहावे. काच चिखलाने माखली की उजेड घटतो, ओल्या फडक्याने पुसणे पुरते. पाऊस सोसण्यासाठी आयपीएक्स ७ हा जलरोधक दर्जा आहे, पण चार्जिंगच्या तोंडावरचे रबरी झाकण दाबून नीट बसले तरच. आत अजून मायक्रो यूएसबी आहे, ही या मॉडेलची जुनी पडलेली बाजू.

ट्रकच्या आडून येणारी मोटारसायकल रडारला ट्रक बाजूला होईपर्यंत दिसत नाही. दोन गाड्या चिकटून येत असतील तर एकच ठिपका दिसू शकतो. कुठल्या लेनमधून येताहेत हेही कळत नाही. गर्दीच्या महामार्गावर पट्टी कधी रिकामीच होत नाही आणि इशाऱ्याच्या आवाजाकडे कान दुर्लक्ष करू लागतात. तिथे आरसा जास्त सांगतो. हँडलच्या टोकाला बसणारा आरसा याच्या जोडीला हवाच, कारण थांबलेली गाडी, तिची लेन आणि तिचा इंडिकेटर फक्त आरशात दिसतो.

बॅटरी दिवसाच्या लुकलुकत्या उजेडावर १६ तास, स्थिर किंवा रात्रीच्या लुकलुकत्या उजेडावर ६ तास. सहा तास म्हणजे पहाटे अंधारात निघून दुपारी पोहोचणाऱ्यासाठी जेमतेम, म्हणून उजाडले की मोड बदलावा. जर्मनीसारख्या ठिकाणी सायकलवर लुकलुकता दिवा चालत नाही. तिथल्यासाठी स्थिर उजेडाचे आरटीएल ५१६ आहे. चांगला मागचा दिवा आधीच असेल तर दिवा नसलेले, फक्त रडारचे आरव्हीआर ३१५ पुरते. कॅमेऱ्यासह आरसीटी ७१५ अपघातानंतर पुरावा देते, चौकात जास्त काही पाहत नाही.

रॅम्प असलेल्या, वेगवान आणि तुलनेने विरळ रहदारीच्या महामार्गावर नियमित जाणाऱ्याने हे घ्यावे. ज्याच्या मार्गात सिग्नलचे चौक, गोल चौक आणि दुभाजकातल्या उघड्या जागाच जास्त आहेत, त्याने आधी आरसा, पुढचा लुकलुकता दिवा आणि बाजूचे दिवे घ्यावेत, रडार त्यानंतर.