सुरक्षेच्या नावाखाली तिष्ठत राहिलेली सुधारणा : म्हापशातील एका अभ्यासवर्गाविषयी

म्हापशात रविवारी सकाळी मराठीतून चालणारा हा संविधानाचा अभ्यासवर्ग परीक्षार्थींपेक्षा वर्तमानपत्र मन लावून वाचणाऱ्या माणसाला अधिक उपयोगी पडेल. राष्ट्रीय सुरक्षेची भाषा सुरू झाली की राजकीय सुधारणेचे काय होते, हा यंदाचा विषय असून शिकवणारे निवृत्त प्राध्यापक थेट कायद्याचा मजकूर हातात देतात.

त्यात ४४व्या घटनादुरुस्तीवरचे विवेचन सर्वांत सरस होते. आणीबाणीनंतर १९७८ साली संसदेने अनुच्छेद ३५२ मधील आणीबाणी जाहीर करण्याचे ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र उठाव’ असा बदल केला, हे अनेकांना ठाऊक असते. सरांनी मात्र त्याच दुरुस्ती कायद्याच्या कलम ३ वर बोट ठेवले. अशा अटकेची फेरतपासणी करणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताशिवाय एखाद्याला खटल्याविना स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारे हे कलम संमत झाले, पण ते अमलात आणण्याची अधिसूचना केंद्राने आजतागायत काढलेली नाही. उलट १९८० साली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धतेची मुभा देणारा राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. या कायद्याला आव्हान देणाऱ्या ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्या अधिसूचनेसाठी सरकारवर सक्ती करण्यास नकार दिला. सुधारणा फेटाळावी लागत नाही, ती नुसती तिष्ठत ठेवली तरी पुरते, हे मला येथे लख्ख कळले.

नौदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी सीमेवरच्या गुप्ततेचा मुद्दा काढला, तेव्हा सरांनी तो झटकून टाकला नाही. कारवाईची गुप्तता त्यांना मान्य होती, परंतु अटकेची फेरतपासणी लवकर झाल्याने कोणते गुपित फुटते, एवढेच त्यांनी विचारले, आणि त्यावरची चर्चा बराच वेळ रंगली.

गोव्याचा भाग मात्र घाईत उरकला, याची खंत वाटते. १९४६ साली नागरी स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या टी. बी. कुन्हा यांना पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात झाली. हक्क मागणारा माणूस राज्याला धोका कसा ठरवला जातो, हे समजून घ्यायला गोमंतकीयांना याहून जवळचे उदाहरण नाही. त्यासाठी स्वतंत्र सत्र हवेच.

शुल्क माफक आहे. टिपणांच्या झेरॉक्स प्रती फिकट असतात, म्हणून स्थानबद्धतेविषयीचा अनुच्छेद २२ घरी वाचूनच जावे.