फुल पॉवर मॅग्नमसाठी पावडर निवडताना: एच-११०, २४०० आणि बाकीच्या

३५७, ४१ किंवा ४४ मॅग्नम या जोरदार रिव्हॉल्व्हर काडतुसांचे पूर्ण ताकदीचे राउंड घरी भरायचे ठरवले की पहिला प्रश्न पावडरचाच येतो, आणि विचाराल तितकी उत्तरं मिळतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, सगळ्यात जास्त वेग कोणती देते यापेक्षा तुम्ही नेमकं काय भरणार आहात हे ठरवा, कारण या पावडरींमधला वेगाचा फरक छोटा आहे आणि स्वभावातला फरक फार मोठा. चार्जचे, म्हणजे एका राउंडमध्ये किती पावडर घालायची याचे, आकडे इथे मुद्दाम देत नाही, ते पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्या कंपनीच्या चालू लोड मॅन्युअलमधूनच घ्यायचे, कोणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्याही नाही.

मॅग्नमला सावकाश जळणारी पावडरच का लागते ते थोडक्यात. ३५७ ला सामी या अमेरिकन संस्थेने कमाल दाब ठरवलाय ३५,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), ४१ आणि ४४ ला ३६,०००. जलद पावडर हा दाब बुलेट जेमतेम हललेली असतानाच गाठते आणि मग जोर ओसरतो, सावकाश पावडर तेवढ्याच दाबाच्या मर्यादेत बुलेटला बॅरलभर ढकलत राहते, म्हणून त्याच मर्यादेत जास्त वेग मिळतो. आणखी एक फायदा मला फार महत्त्वाचा वाटतो, या पावडरींचा पूर्ण चार्ज केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, बऱ्यापैकी भरून टाकतो, चुकून दोनदा पडला तर पावडर केसबाहेर सांडते आणि लगेच दिसते. जलद पावडरचा डबल चार्ज मॅग्नम केसमध्ये गुपचूप मावतो.

आता एच-११०. हिच्याबरोबर विंचेस्टर २९६ चं नाव नेहमी येतं आणि लोक दोन्हींची तुलना करत बसतात, पण ती एकच पावडर आहे, डबे फक्त वेगळे, त्यामुळे जी मिळेल ती घ्या. गोल दाण्यांची बॉल पावडर, मेजरमधून (चार्ज मोजून टाकायच्या यंत्रातून) इतकी सारखी पडते की चार्ज टाकायला मजा येते, आणि जड बुलेटमागे वेगाच्या बाबतीत कायम पहिल्या रांगेत. पण हिच्या अटी आहेत आणि त्या सगळ्या पाळायच्या. मॅग्नम प्रायमर (पावडर पेटवणारी जास्त जोराची टोपी), घट्ट रोल क्रिंप (केसचं तोंड आत वळवून बुलेट पकडून ठेवणं), जड बुलेट, आणि चार्ज जवळजवळ पूर्णच. बाकी पावडरींना कमालपेक्षा १० टक्के खालून सुरुवात करा असा सर्वसाधारण नियम आहे, तो इथे लावायचा नाही, ती विकणारी कंपनी हॉजडन स्वतः सांगते की दिलेला चार्ज ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका. कारण असं की ही पावडर सहज पेट घेत नाही, तिला नीट जळायला दाब लागतो, केसमध्ये जागा रिकामी राहिली की कधी पूर्ण जळते कधी अर्धवट, आणि अर्धवट जळाली तर बुलेट बॅरलमध्येच अडकू शकते. त्यामागून दुसरा राउंड मारला की बॅरल फुगते किंवा फुटते. म्हणून आवाज दबका आला तर ट्रिगरवरून बोट काढायचं, थोडा वेळ थांबायचं, गन रिकामी करायची आणि बॅरलमधून रॉड घालून बघायचं, कुठलीही पावडर असो.

एच-११० चा भडकाही जबरदस्त असतो, छोट्या बॅरलमधून तर डोळ्यांपुढे गोळा पेटतो, कारण सगळी पावडर आत जळतच नाही. ४ इंचांहून लहान बॅरल असेल तर तुम्ही आवाज आणि ज्वाळेची किंमत भरता आणि वेग त्या मानाने हाती येत नाही.

२४०० चा स्वभाव याच्या अगदी उलट. हर्क्युलिस कंपनीची १९३० च्या दशकातली पावडर, आज अलायंटच्या नावाने मिळते, आणि मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा इतिहास हिच्यासोबतच वाढला. ३५७ आली १९३५ मध्ये, आणि शिकारी आणि गन-लेखक एल्मर कीथने ४४ स्पेशल या आधीच्या काडतुसात २४०० घालून जे जड लोड वर्षानुवर्षं भरले त्यांतूनच १९५५ ची ४४ मॅग्नम आली. पण कीथच्या काळातले आकडे आज जसेच्या तसे उचलायचे नाहीत हं, त्यांतले काही आजच्या बऱ्याच मॅन्युअलच्या कमाल आकड्याच्या वर जातात.

२४०० ला बहुतेक वेळा साधा प्रायमर पुरतो, जुना मॅग्नम प्रायमरवाला लोड साध्यावर आणायचा किंवा उलट करायचं तर चार्ज पुन्हा खालून चढवत यायचं, कारण प्रायमरने दाब बदलतो. मुख्य गोष्ट म्हणजे चार्ज कमी करता येतो. पूर्ण ताकदीपासून थोडं खाली, मध्यम जोरापर्यंत, ही शांतपणे चालते, त्यामुळे ज्यांना रोज हात दुखवून घ्यायचा नाही पण हवं तेव्हा पूर्ण लोडही हवाय त्यांच्यासाठी ही एकच डबी पुरते. ओतीव शिशाच्या बुलेटशीही हिचं छान जमतं. वेगात एच-११० पेक्षा मागे, सेकंदाला साधारण पन्नासएक फूट धरा, जास्त-कमी होईल, आणि खरं सांगायचं तर एवढा फरक लक्ष्याला कळत नाही, फक्त क्रोनोग्राफला, म्हणजे वेग मोजायच्या यंत्राला, कळतो. काजळी धरते, न जळलेले दाणे राहतात आणि ते एक्स्ट्रॅक्टरच्या (केस बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली गेले की सिलिंडर अडतो, म्हणून केस काढताना नळी वर आभाळाकडे धरायची म्हणजे दाणे केसबरोबर खाली पडतात.

अ‍ॅक्युरेट नंबर ९ या दोघींच्या मधली. बॉल पावडर म्हणून मेजरमधून सुरेख पडते, एच-११० इतकी हट्टी नाही, आणि ३५७ मध्ये तर मला ती फार आवडते. अलायंटची ३००-एमपी वेगाच्या आकड्यांत खूप वर दिसते, ३५७ साठी विशेष, फक्त सगळ्या बुलेटसाठी डेटा मिळेलच असं नाही, तो आधी शोधा मग डबा घ्या. लिलगन मुळात ४१० शॉटगनच्या राउंडसाठी बनवलेली, कमी दाबात चांगला वेग देते म्हणून लोक रिव्हॉल्व्हरमध्ये घालतात, पण बॅरल फार तापते आणि फोर्सिंग कोन (बॅरलचं सिलिंडरकडचं तोंड) लवकर झिजतो अशा तक्रारी बऱ्याच आहेत, मी माझ्या गनमध्ये घालणार नाही.

आयएमआर ४२२७ आणि फिनलंडची विह्ताव्हुओरी एन११० या काडीसारख्या दाण्यांच्या. ४२२७ मऊ चालते, पण वेग थोडा कमी आणि न जळलेल्या काड्या मागे राहतात. एन११० बरीच स्वच्छ जळते.

मग कोणती घ्यायची? ६ इंच किंवा लांब बॅरल, ४४ मध्ये २४० ग्रेन (बुलेटच्या वजनाचं माप) किंवा त्याहून जड बुलेट, आणि कायम पूर्णच लोड भरणार, तर एच-११०, विचार करायची गरज नाही. कधी पूर्ण कधी मध्यम, शिशाच्या बुलेट, किंवा मॅग्नम भरायची पहिलीच वेळ, तर २४००. पहिल्या वेळेला तर मी आग्रहाने २४०० च सांगेन, कारण शिकताना चार्ज खालून वर चढवत दाबाची लक्षणं ओळखायची असतात आणि ३ टक्क्यांच्या पट्टीत ते शिकणं अवघड आहे. ३५७ मध्ये १२५ ग्रेनची हलकी बुलेट पूर्ण ताकदीने भरायची असेल तर आधी गन कोणती ते बघा, मध्यम फ्रेमच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचे फोर्सिंग कोन अशाच लोडनी तडकलेत, तिथे १५८ ग्रेन बरी.

क्रिंप पावडर कुठलीही असो महत्त्वाचा. रिकॉइलच्या झटक्याने सिलिंडरमधल्या बाकी राउंडच्या बुलेट पुढे सरकतात आणि एखादी बाहेर आली की सिलिंडर फिरतच नाही. नवा लोड केला की शेवटचा राउंड न मारता काढून त्याची लांबी मोजा, वाढली असेल तर क्रिंप कमी पडतोय.

आणि घरात अलायंटचीच ब्लू डॉट ही पावडर पडून असेल तर एक नक्की वाचा. अलायंटने २००८ मध्ये सूचना काढली की ४१ मॅग्नममध्ये ब्लू डॉट कुठल्याच बुलेटमागे वापरायची नाही आणि ३५७ मध्ये १२५ ग्रेनमागे वापरायची नाही. त्याआधीच्या मॅन्युअलमध्ये हे लोड अजून छापलेले दिसतात, तिथे पेनाने काट मारून ठेवा.