एकर्नफोर्डेत बनलेले पी २१०: कारखाना बंद झाल्यावर ते चढ्या भावाने घ्यावे का?

उत्तर जर्मनीत बाल्टिक समुद्राच्या काठी असलेल्या एकर्नफोर्डे या छोट्या शहरातील सिग झाउअरचा कारखाना बंद होणार, हे जून २०२० मध्ये जाहीर झाले आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिथले पिस्तुलांचे उत्पादन थांबले. तेव्हापासून आमच्याकडे अमेरिकेत, संग्राहकांच्या बाजारात, स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, जर्मनीचे नाव कोरलेले असले की विक्रेता भाव वाढवूनच सांगतो. माझ्या संग्रहात तिथले पी २१० लेजंड आहे आणि ते मी तिजोरीत बंद करून न ठेवता नेमबाजीसाठी नियमित वापरतो. हे पिस्तूल उत्तम आहे. पण आज त्यासाठी जी किंमत मागितली जाते ती प्रत्येक वेळी रास्त असते, असे मला वाटत नाही.

पी २१० मूळचे जर्मन नव्हे, स्विस. शार्ल पेटे यांच्या पेटंटांवर आधारलेले हे पिस्तूल सिग कंपनीने ऱ्हाइनच्या धबधब्याजवळील नॉयहाउझेन येथे घडवले आणि स्विस सैन्याने ते १९४९ मध्ये स्वीकारले. डेन्मार्कच्या सैन्यानेही ते अनेक दशके वापरले. पुढे स्वित्झर्लंडचे शस्त्रनिर्यातीचे नियम आड येऊ लागल्यामुळे सिगने जर्मनीच्या झाउअरशी हातमिळवणी केली. झाउअर ही १७५१ साली सूल येथे स्थापन झालेली जुनी पेढी. दुसऱ्या महायुद्धानंतर सूल सोव्हिएत अमलाखाली गेल्यावर ती पश्चिमेकडे एकर्नफोर्डेला आली. नॉयहाउझेनमधील निर्मिती थांबल्यानंतर काही वर्षांनी लेजंड या नावाने पी २१० पुन्हा बाजारात आले, ते याच एकर्नफोर्डेतून. म्हणून ज्यांना ‘खरे’ पी २१० हवे आहे, त्यांनी आपल्याला स्विस सैन्याचे हवे की केवळ तशा घडणीचे, हे आधी ठरवावे.

घडणीबाबत मात्र एकर्नफोर्डेच्या कारागिरांनी कुठेही कसर ठेवलेली नाही. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड फ्रेमच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, बाहेरच्या अंगाने सरकते. इथे ती फ्रेमच्या आतल्या बाजूला कोरलेल्या लांब खाचांतून सरकते आणि त्यामुळे तिला बाजूला हलायला जवळजवळ वावच उरत नाही. स्लाइड काढली की घोडा आणि त्याची स्प्रिंग असलेला भाग एकसंध उचलून हातात घेता येतो, साफ करून जसाच्या तसा परत बसवता येतो. चापाचा पहिला हलका टप्पा संपला की बोटाला स्पष्ट अडथळा लागतो, आणि तिथून पुढे तो कसलीही खरखर न जाणवता सुटतो. जुन्या स्विस पिस्तुलांत घोडा मागे येताना अंगठ्याच्या बेचक्याला चावत असे. लेजंडमध्ये मुठीवरचा भाग मागे वाढवून ती अडचण दूर केली आहे, आणि जुनी अवघड सुरक्षा-कळही अंगठ्याला सहज लागेल अशी केली आहे. मॅगझिनमध्ये आठच काडतुसे मावतात आणि सगळे पिस्तूल पोलादी असल्यामुळे जड आहे. नेमबाजीला ते वजन उपकारकच ठरते.

कारखाना बंद का पडला, याची उत्तरे संग्राहकांनी समजून घ्यायला हवीत, कारण त्यावरच पुढची आशा अवलंबून आहे. कंपनीने जर्मनीत कारखाना चालवण्यातील तोट्यांकडे आणि सरकारी खरेदीत परक्यासारखी वागणूक मिळत असल्याकडे बोट दाखवले. त्याआधी, २०१९ मध्ये, अमेरिकेमार्गे कोलंबियाला बेकायदा पिस्तुले पाठवल्याच्या प्रकरणात कीलच्या न्यायालयाने अधिकाऱ्यांना स्थगित शिक्षा आणि दंड ठोठावले होते. दरम्यान अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरच्या शाखेने २०१७ मध्ये सैन्याचे मोठे कंत्राट मिळवले होते आणि तिथे पी २१० बनूही लागले होते. व्यवसायाचे केंद्र तिकडे सरकल्यावर एकर्नफोर्डेला पुन्हा भट्टी पेटेल, अशी आशा मी तरी धरत नाही.

अमेरिकन पी २१० नेमात कमी पडत नाही, हे मी दोन्ही वापरून सांगतो. मॅगझिन काढायचे बटण मुठीच्या बाजूला असल्याने ते सोयीचेही आहे. ज्याला फक्त गोळी नेमकी लागायला हवी आहे, त्याने तेच घ्यावे आणि उरलेल्या पैशांत काडतुसे घ्यावीत. भारतातील वाचकांसाठी हा प्रश्न बहुतांशी वाचनापुरताच आहे, कारण पी २१० ज्यासाठी बनले आहे त्या ९ मिमी पॅराबेलम काडतुसाची पिस्तुले तिथे सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाहीत.

संग्राहकाचे खरे नुकसान मला किमतीत नव्हे, दुरुस्तीत दिसते. नळी आणि स्लाइड एकमेकांना हाताने जुळवून बसवणारी माणसे आता तिथे नाहीत. एक्स-फाइव्ह आणि एक्स-सिक्स या तिथल्या स्पर्धेच्या पिस्तुलांनाही हेच लागू आहे. अमेरिकन मॉडेलचा सुटा भाग जर्मन पिस्तुलात बसेलच, असे गृहीत धरून चालू नये.

म्हणून जर्मन पी २१० घेताना डबा, मूळ कागद, कारखान्यातून आलेला चाचणीचा लक्ष्यकागद आणि जादा मॅगझिने सोबत असतील तरच वरचा भाव द्यावा. प्रूफच्या, म्हणजे अधिकृत दाबचाचणीच्या, शिक्क्याशेजारी वर्ष सांगणारी दोन अक्षरे असतात. ए म्हणजे ०, बी म्हणजे १ अशा क्रमाने, जे हे अक्षर वगळून, वाचले तर ‘बीके’ म्हणजे २०१९ आणि ‘सीए’ म्हणजे कारखान्याचे शेवटचे वर्ष, २०२०. मला एका विक्रेत्याने ‘शेवटच्या तुकडीतले’ म्हणून जे पिस्तूल दाखवले, त्यावर त्याच्या कितीतरी आधीच्या वर्षाची अक्षरे होती. त्यामुळे पैसे मोजण्यापूर्वी भिंग घेऊन तो शिक्का स्वतः वाचावा, आणि विक्रेत्याने तो पाहू दिला नाही तर सौदा तिथेच सोडावा.