गवती चहाचे तेल आणि सिट्रालचा दडवलेला आकडा

जत तालुक्यात पाण्याची ओढ कायमचीच, म्हणून आम्ही काही शेतकऱ्यांनी गवती चहाची ‘कृष्णा’ ही जात लावली आणि वाफेवर तेल काढून ते विकू लागलो. या तेलाचा भाव त्यातील सिट्रालच्या, म्हणजे लिंबासारखा वास देणाऱ्या मुख्य घटकाच्या, प्रमाणावर ठरतो आणि नेमकी तिथेच आमची फसवणूक झाली.

सिट्राल ७५ टक्क्यांच्या वर भरले तर पूर्ण दर, असे कबूल करून एका व्यापाऱ्याने माल उचलला. ड्रम त्याच्या गोदामात पोहोचल्यावर त्याने प्रयोगशाळेच्या अहवालाचा गोषवारा म्हणून एक कागद पाठवला. त्यावर ‘सिट्राल-ए : ४४.६ टक्के’ एवढीच ओळ होती, आणि तेल हलक्या प्रतीचे आहे असे सांगून त्याने दर जवळजवळ निम्म्यावर आणला. मूळ अहवाल मागितला तेव्हा तो गोपनीय असल्याचे उत्तर मिळाले. माल परत आणायचा तर भाडे आमच्याच माथी, त्यामुळे बहुतेकांनी मिळाले ते पैसे घेतले.

त्याच खेपेचे थोडे तेल मी गडद रंगाच्या बाटलीत काठोकाठ भरून, सीलबंद करून ठेवले होते. (हवा आणि उजेड लागला की सिट्राल उतरते, त्यामुळे अर्धवट भरलेली बाटली पुरावा म्हणून टिकत नाही.) ते एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जीसी-एमएस चाचणीला (तेलातील घटक वेगळे करून ओळखणारी चाचणी) दिले. आलेखात शेजारी शेजारी दोन उंच शिखरे आली : आधी नेरल, ३३.१ टक्के, आणि पाठोपाठ जेरानिअल, ४४.९ टक्के. सिट्राल हे या दोन समघटकांचे (एकाच रेणुसूत्राच्या, पण वेगळ्या रचनेच्या संयुगांचे) मिश्रण असते. जेरानिअललाच सिट्राल-ए आणि नेरलला सिट्राल-बी म्हणतात. आमच्या तेलात एकूण सिट्राल ७८ टक्के होते. व्यापाऱ्याने खोटा आकडा लिहिला नव्हता, दुसरा दडवला होता. बनावट अहवालापेक्षा ही लबाडी मला अधिक घातक वाटते, कारण कोणी पडताळणी केली तरी कागदावरचा आकडा खराच निघतो.

हा अहवाल पाठवल्यापासून तो फोन उचलत नाही आणि फरकाची रक्कम अजून येणे आहे. सुगंधी तेल विकणाऱ्या शेतकऱ्यांनी सौद्याच्या कागदावर ‘सिट्राल म्हणजे नेरल आणि जेरानिअल यांची बेरीज’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, नमुन्याच्या दोन बाटल्या समोरासमोर भरून दोघांच्या सह्यांनिशी सील कराव्यात, आणि नमुना क्रमांक व क्रोमॅटोग्रामसह (चाचणीच्या शिखरांच्या आलेखासह) पूर्ण अहवाल हाती पडेपर्यंत ड्रम जागचा हलवू नये.